बाबांचा आजार मलाही होईल का?

दोस्तांनो, जरा मूठ आवळा पाहू! साधारण एवढंच असतं एक मूत्रपिंड. अशी दोन, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना. प्रत्येकात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या! मोठ्या माणसाची मूत्रपिंडं दिवसाकाठी १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि दीड-दोन लिटर तेवढं लघवीवाटे टाकतात. बाकीचं परत रक्तात.

काही घराण्यांत मात्र या मूत्रपिंडांत पाण्याचे फुगे धरतात. हा ‘पॉलिसिस्टिक किडनी’चा आजार. फुगे वर्षानुवर्षं वाढतात, गाळण्या दबतात. शेवटी काहींना डायलिसिस लागतं, म्हणजे बहुधा आठवड्यातून तीनदा, चार-चार तास यंत्राने रक्त गाळणं. पण बहुतेकांची मूत्रपिंडं मोठेपणीही पुष्कळ वर्षं नीट काम करतात, बरं का!

आई किंवा बाबांना तो असेल, तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी. छापा की काटा! ‘ताईला झाला, म्हणजे मी सुटलो,’ असं वाटतं ना? छे! प्रत्येकासाठी नाणं नव्याने उडतं. आणि यात कुणाचाही दोष नसतो.

हे मुलांना सांगतं कोण? पोरीचं लग्न अडेल म्हणून घरात नुसती कुजबुज. आई-बाबांनो, मुलं ती ऐकतात आणि खऱ्याहून भयंकर काहीतरी मनात धरून बसतात.

अमेरिकेत कॅन्सस सिटीत १९८२ साली डॉ. जेरेड ग्रँथम आणि जोसेफ ब्रूनिंग यांनी या आजारासाठी संस्था काढली. संशोधनाला पैसा तर हवाच. पण तिथे रुग्णांची कुटुंबंही एकमेकांना भेटू लागली. आपल्याकडे अशी गाठ बहुधा डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर पडते. ज्याचं त्याने सोसलेलं असतं, म्हणून त्याचं पटतं. मीठ कमी कसं करायचं, दुखलं की मनानेच वेदनाशामक गोळी का घ्यायची नाही, हे तिथे कळतं.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तुमचे प्रश्न कागदावर लिहून न्या. माझा रक्तदाब कधी मोजायचा? सोनोग्राफी आताच हवी का? (त्रास नसेल तर घाई नसते, पण रक्तदाब मुलांचाही पाहावा लागतो.)

आणि बाबांच्या हाताला डायलिसिससाठी फिस्टुला केला असेल, तर त्यांना विचारून त्यावर हलकेच बोट ठेवा. त्या हाताचा रक्तदाब घ्यायचा नाही, जड पिशवीही नाही. आत रक्त धावतंय ना, ते मांजरासारखं गुरगुरताना बोटाला लागेल.