धूर दिसत नाही, म्हणून हवा स्वच्छ?

मोरा बंदरातून लाँच भाऊच्या धक्क्याकडे निघाली की उजव्या हाताला, खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसतात. त्यांतून काळा धूर निघताना सहसा दिसत नाही. पांढरा लोट दिसला, तर त्यात बऱ्याचदा पाण्याची वाफच अधिक असते. दम्याचे रुग्ण मग विचारतात, "डॉक्टर, हल्ली धूर कुठे दिसतो? मग हवा वाईट कशी?" प्रश्न रास्त आहे. पण चिमणीतून बाहेर पडणारे सगळेच डोळ्यांना दिसत नाही, आणि शरीराला सर्वाधिक त्रास देणारे बहुतेक न दिसणारेच असते.

चिमणीतून काय येते?

कोळसा जळाला की चार गोष्टी तयार होतात. पहिली राख. दुसरा सल्फर डायऑक्साइड, म्हणजे कोळशातल्या गंधकाचा वायू. तिसरे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि चौथा अत्यल्प प्रमाणातला पारा.

सल्फर डायऑक्साइड नाका-घशाच्या ओलाव्यात चटकन विरघळतो. निरोगी माणसाला थोडी जळजळ होते. दमा असलेल्याच्या श्वासनलिका मात्र काही मिनिटांतच आकसू शकतात. पण त्याचे खरे उपद्रवी रूप पुढचे आहे. हवेत तरंगत असताना त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात. हे कण वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात, फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात आणि हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढवतात. हवेच्या अहवालात ज्याला 'पीएम २.५' म्हणतात, त्यात हेही कण मोजले जातात.

पाऱ्याचा मार्ग वेगळा आहे. तो पाण्यात उतरतो, तिथल्या जिवाणूंमुळे त्याचे मिथिल मर्क्युरी होते आणि लहान माशाकडून मोठ्या माशाकडे जाताना ते साठत जाते. गर्भातल्या बाळाच्या मेंदूला ते घातक असते. जपानमधल्या मिनामाटा गावाने १९५६ पासून याची किंमत मोजली. तिथला पारा रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातला होता, पण माशांमधून माणसापर्यंतची वाट हीच.

उपाय जुनेच आहेत

राखेसाठी विजेचा भार दिलेल्या पट्ट्यांचे यंत्र असते. कण पट्ट्यांना चिकटतात आणि ९९ टक्क्यांहून अधिक राख चिमणीपर्यंत पोहोचतच नाही. काळा धूर दिसेनासा झाला तो यामुळे. मात्र या यंत्रातून वायू सरळ निघून जातात.

सल्फर डायऑक्साइडसाठी वायू धुवावा लागतो. लंडनच्या बॅटरसी वीज केंद्रात १९३० च्या दशकातच टेम्स नदीच्या पाण्याने तो धुतला जात होता. आज जगभर चुनखडीचा पातळ लगदा फवारतात. त्यातून जिप्सम मिळते आणि ते सिमेंटसाठी वापरता येते. नायट्रोजनच्या ऑक्साइडवर उत्प्रेरकाच्या साहाय्याने अमोनियाची प्रक्रिया केली की साधा नायट्रोजन आणि पाणी उरते. पारा पकडायला सक्रिय कोळशाची भुकटी सोडतात.

किनाऱ्यावर तर समुद्रच कामाला येतो. समुद्राचे पाणी मुळात किंचित अल्कधर्मी असते. वायू त्यात विरघळतो, मग त्या पाण्यात हवा खेळवली की त्याचे सल्फेट होते. सल्फेट समुद्रात आधीच मुबलक असल्याने ते पाणी परत सोडता येते. अट एकच. राख आधी नीट पकडलेली हवी आणि सोडलेल्या पाण्याची आम्लता, तापमान व जड धातू सतत तपासले पाहिजेत. नाहीतर हवेतली घाण कोळ्यांच्या जाळ्यात जाते.

ट्रॉम्बेत अशी यंत्रणा १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली. ती देशातली पहिली. उरणजवळ बोकडवीऱ्याचे केंद्र नैसर्गिक वायूवर चालते. तिथे राख नाही, गंधक जवळपास नाही. प्रश्न मुख्यतः नायट्रोजनच्या ऑक्साइडचा राहतो.

डहाणूचा धडा

उत्तरेला डहाणूत ५०० मेगावॅटचे कोळशाचे केंद्र आहे. चिकूच्या वाड्यांचा हा तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्याने १९९९ मध्ये वायू धुण्याची यंत्रणा बसवायला सांगितले. ती सुरू झाली २००७ मध्ये. आठ वर्षे गेली, पण ती बसली, कारण स्थानिक माणसांनी आणि प्राधिकरणाने पाठ सोडली नाही. तंत्रज्ञान तर आधीपासूनच होते.

देशपातळीवर उलटे घडले. केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये कोळसा केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि पाऱ्याच्या मर्यादा ठरवल्या. मुदत दोन वर्षांची होती, ती पुनःपुन्हा वाढली. जुलै २०२५ मध्ये सुमारे ७८ टक्के केंद्रांना, चिमणीच्या उंचीचे निकष पाळण्याच्या अटीवर, सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट मिळाली. राजधानी परिसर आणि दहा लाखांहून मोठ्या शहरांच्या १० किलोमीटरच्या आतली केंद्रे सुटली नाहीत.

सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. आपल्या कोळशात गंधक कमी असते, यंत्रणा महाग असते, वीजही खाते, आणि बहुतेक ठिकाणी हवेतला सल्फर डायऑक्साइड मानकाच्या आत असतो. पण डॉक्टर म्हणून मला हा हिशेब अपुरा वाटतो. गंधक टक्क्यांत कमी असले तरी आपण कोळसा प्रचंड जाळतो. शिवाय वायूचे सल्फेट झाले की वायू मोजणाऱ्या यंत्राला ते दिसतच नाही. आणि उंच चिमणी काहीच काढून टाकत नाही, फक्त लांब नेऊन टाकते. मोठ्या शहरांपासून दूर राहणाऱ्यांची फुप्फुसे काही वेगळ्या मातीची नसतात.

आपण काय करावे?

अलिबाग तालुक्यात शहापूर-धेरंडला कोळशाचा मोठा प्रकल्प येणार होता. खारेपाटातले शेतकरी त्याविरुद्ध उभे राहिले ते प्रामुख्याने जमिनीसाठी. यापुढे असा प्रस्ताव आला, तर जनसुनावणीत चार प्रश्न जरूर विचारावेत. वायू धुण्याची यंत्रणा आहे का? ती चोवीस तास चालणार का? चिमणीवरच्या मोजमापाचे आकडे लोकांना रोज दिसतील का? धुतलेले पाणी कुठे सोडणार आणि तपासणार कोण?

घरापुरते सांगायचे, तर हिवाळ्यात पहाटे हवा जमिनीलगत कोंडते, तेव्हा दमा आणि हृदयाच्या रुग्णांनी फिरायला ऊन वर आल्यावर जावे. डॉक्टरांनी दिलेला पंप बरे वाटले म्हणून परस्पर बंद करू नये. गरोदर महिलांनी मासे सोडू नयेत, ते बाळासाठी चांगलेच. फक्त मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळून तारली, बांगडा, मांदेली असे लहान मासे खावेत.

आणि चूल विसरू नका. घरात लाकडाचा धूर असेल तर तो सर्वांत जवळचा आहे. तो आपल्या हाताने बंद करता येतो. चिमणीचा मात्र सगळ्यांनी मिळून विचारल्याशिवाय बंद होत नाही.