इंटरनेटची साधनपट्टी

आज मोबाइलच्या पडद्यावरील एखाद्या चित्रास बोट लावलें कीं पत्र, वर्तमानपत्र किंवा नकाशा क्षणांत उघडतो. असल्या चित्रांच्या रांगेची गरज कां भासली, हें समजण्यास १९९५ सालाकडे वळलें पाहिजे. त्या वर्षीं १५ ऑगस्ट रोजीं विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनें मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथें सर्वसामान्यांकरितां इंटरनेट खुलें केलें. सिन्नरच्या गृहस्थास तें हवें असल्यास मोडेमच्या द्वारें मुंबईस परगांवचा टेलिफोन लावणें भाग होतें. आणि जोडणी चालू असे तोंपर्यंत मीटर फिरत राही.

त्या काळीं इंटरनेट म्हणजे एकच खिडकी नव्हे. आपल्या गोंदेश्वराचें उदाहरण घ्या. एकाच जोत्यावर मधोमध शिवाचें मंदिर व भोंवतीं चार लहान मंदिरें. ज्यास ज्या देवाचें दर्शन हवें त्यानें त्याच्या दारीं जावें. येथेंही तसेंच होतें. पत्रांसाठीं युडोरा, फाइली आणण्यासाठीं एफटीपीचा प्रोग्रॅम, गप्पांसाठीं आयआरसीचा, आणि सचित्र पानें पाहण्यास प्रथम मोझेक व १९९४ पासून नेटस्केप. या सर्वांखालचें जोतें म्हणजे टीसीपी-आयपी ही नियमावली. १९९२ सालच्या विंडोज ३.१ मध्यें हें जोतें मुळांतच नव्हतें. ऑस्ट्रेलियांतील पीटर टॅटम यांच्या ट्रम्पेट विनसॉकनें तें पुरविलें. म्हणून आधीं विनसॉकनें फोन जोडावयाचा व मग हवा तो प्रोग्रॅम उघडावयाचा, असा क्रम असे. जोतेंच नसेल तर दार उघडून काय उपयोग!

हे प्रोग्रॅम संगणकावर निरनिराळ्या ठिकाणीं पडलेले असत. नवशिका मनुष्य एकामागून एक खिडक्या उघडून ते शोधी, आणि तेवढ्यांत फोनचा आकार चढे. येथें टूलबार, म्हणजे पडद्याच्या कडेस राहणारी चित्रांची अरुंद पट्टी, उपयोगीं पडली. चित्रांत प्रोग्रॅम नसतो, हें नीट ध्यानांत घ्यावें. तो डिस्कवर कोठें आहे याचा पत्ता तेवढा तेथें नोंदलेला असतो. चित्र दाबतांच तो पत्ता विंडोजला मिळतो व विंडोज तो प्रोग्रॅम स्मृतींत आणून चालू करतें. म्हणून चित्र पुसल्यानें प्रोग्रॅम जात नाहीं. उलट प्रोग्रॅमच काढून टाकला, तर चित्र जागच्या जागीं असूनही कांहीं घडत नाहीं. पुष्कळांचा घोटाळा होतो तो येथेंच.

१९९७ सालीं नेटस्केप कम्युनिकेटरनें आपल्यासोबत अशीच एक तरंगती पट्टी दिली. पानें पाहणें, पत्रें, चर्चागट व पानें रचणें, अशीं चार कामें तींतून उघडत. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ४ नें स्टार्ट बटणाशेजारीं ‘क्विक लाँच’ पट्टी बसविली.

तथापि आमच्या मतें खरी बचत पट्टीपेक्षां दुसऱ्याच एका युक्तींत होती. सेकंदास ९,६०० बिट वेगाच्या मोडेमवर एक लाख बाइटचें चित्र येण्यास ८३ सेकंदांहून अधिक वेळ लागे. दोन हजार बाइटचें पत्र मात्र दोनएक सेकंदांत जाई. तेव्हां फोन न जोडतांच युडोरांत सारीं पत्रें निवांतपणें लिहून ठेवावींत, मग जोडणी करून एकदम पाठवावींत व लागलीच फोन तोडावा, हें शहाणपणाचें होतें.

पुढें पत्रें, गप्पा व फाइली ब्राउझरमध्येंच येऊं लागल्या, तसतशीं निराळीं दारें कमी झालीं. १ मार्च २००८ रोजीं नेटस्केपचा आधार बंद झाला, आणि २००९ सालच्या विंडोज ७ मध्यें क्विक लाँच वेगळी न राहतां तिचें काम टास्कबारनेंच घेतलें.