लोखंडाची शिल्लक
(लेखांक सहावा : जाम झालेले इंजिन)

मागील लेखांकात हॉट रॉडच्या चॅसिसचा विचार झाला. आता ज्याच्या बळावर हा सारा खटाटोप चालावयाचा त्या इंजिनाकडे वळणे क्रमप्राप्त आहे. हॉट रॉड हा प्रकार मूळचा कॅलिफोर्नियाचा. तेथील तरुणांनी जुन्या, हलक्या फोर्ड गाड्यांचे अनावश्यक पत्रे उतरवून, 1932 साली फोर्डने बाजारात आणलेले साइड व्हॉल्व्हचे व्ही-8 इंजिन त्यांत बसवले आणि कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर शर्यती लावल्या. ते इंजिन आपल्याकडे दुर्मिळ आहे. परंतु त्याच जातीचे, म्हणजे ज्याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच सिलिंडरच्या शेजारी उभे असतात असे, चार सिलिंडरचे विलिज इंजिन बुटक्या बॉनेटच्या जुन्या जीपगाड्यांतून आपल्या परिचयाचे झालेले आहे, आणि पालघर-बोईसरच्या पट्ट्यात पारंपरिक धाटणीची गाडी बांधू पाहणाऱ्याने शोधावे ते हेच. बोअर तीन इंच एक सूत, स्ट्रोक चार इंच तीन सूत, क्षमता 2,199 सीसी आणि शक्ती 60 अश्वशक्ती, अशी त्याची थोडक्यात कैफियत.

असे इंजिन हाती येते ते बहुधा एखाद्या वाडीतील शेडमध्ये अनेक पावसाळे काढून, आणि म्हणूनच जाम होऊन. चार सिलिंडरचे इंजिन कोठेही थांबले तरी साधारणतः दोन सिलिंडरांचा एकेक व्हॉल्व्ह उघडाच राहतो; कार्बोरेटरच्या अथवा सायलेन्सरच्या वाटेने समुद्राकडील दमट, खारी हवा तेथे शिरते, आणि पिस्टन ज्या उंचीवर थांबला असेल त्याच उंचीवर बिडाची रिंग व बिडाची भिंत गंजाने एकजीव होतात. बंद राहिलेले दोन सिलिंडर पुष्कळदा निर्दोष निघतात. सातपाटीचे मच्छीमार पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढल्या की इंजिनाची निगा राखण्याची दक्षता का घेतात, हे यावरून ध्यानात यावे.

इंजिन जाम आहे असा निवाडा देण्यापूर्वी मात्र रीतसर चौकशी करावी. गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, पंख्याचा पट्टा काढावा, स्टार्टर उतरवावा. कारण पुष्कळदा अडकलेला असतो तो डायनामो किंवा स्टार्टरची पिनियन, आणि बदनाम होते इंजिन. तरीही क्रँक हलत नसेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल व गिअरचे पातळ तेल समभाग ओतावे आणि चांगली पंधरवड्याची मुदत द्यावी. गाडी ओढून गिअर टाकणे किंवा हँडलला लांब पाइप लावून चौघांनी लोंबकळणे, हे उपाय गॅरेजांत सर्रास सुचवले जातात. त्यांनी कनेक्टिंग रॉड वाकतो, रिंगा तुटतात आणि तुटलेली रिंग भिंतीवर जो ओरखडा काढते तो कोणत्याही तेलाने भरून येत नाही. मुदत संपल्यावर फ्लायव्हीलच्या दातांत पहार अडकवून ते दातभर पुढे, दातभर मागे असे हलवून पाहावे. साइड व्हॉल्व्हच्या रचनेचा येथे एक लाभ असा की हेड म्हणजे केवळ एक झाकण असल्यामुळे ते उतरवताच पिस्टन, व्हॉल्व्ह आणि गंज यांचे एकदम दर्शन घडते.

एवढ्यानेही न सुटल्यास ऑइलचेंबर खोलून रॉडच्या टोप्या काढाव्यात, जेणेकरून प्रत्येक पिस्टनशी स्वतंत्र व्यवहार करता येईल. सिलिंडरच्या तोंडाशी झिजेमुळे जी कड उरलेली असते ती आधी रीमरने कापावी, आणि मग पिस्टनला लाकडी ठोकळा लावून हलक्या हाताने ठोके द्यावेत. पिस्टन फुटला तर नवा घालता येतो. ब्लॉकला तडा गेला तर सारा मनसुबाच बारगळतो.

पिस्टन निघाल्यावर भिंत पुसून रिंगेच्या गंजाच्या पट्ट्यावरून नख फिरवावे. नख अडकले नाही तर होनिंग पुरेसे ठरण्याचा संभव असतो. अडकले तर बोअर गेजने वर, मध्ये व खाली, आडवे व उभे माप घेऊन बोअर किती निमुळते आणि किती लंबगोल झाले आहे याची नोंद करावी. मग बोईसरच्या एखाद्या लेथवाल्याकडे ब्लॉक नेला की तो बोअर किती थाउने, म्हणजे इंचाच्या किती हजारांश भागांनी, वाढवायचे ते विचारतो : वीस थाउ, तीस की चाळीस? हॉट रॉडच्या उत्साहात मनुष्य चटकन चाळीस म्हणून मोकळा होतो, कारण मोठे बोअर म्हणजे मोठी शक्ती अशी सार्वत्रिक समजूत आहे. हिशेब मात्र निराळा आहे. पूर्ण चाळीस थाउ कापूनही क्षमता 2,199 वरून जेमतेम 2,256 सीसीवर जाते, म्हणजे वाढ अडीच टक्क्यांच्या आसपास. आणि तेवढ्यासाठी भिंतीतील जे लोखंड खर्ची पडते ते पुढील दुरुस्तीची ठेव असते. खड्डा वीस थाउमध्ये निघत असेल तर वीसच कापावे. एकाच सिलिंडरचा खड्डा खोल असेल तर त्या एकट्यास स्लीव्ह घालून उरलेले तीन वाचवावेत. शक्ती वाढवण्याचे याहून स्वस्त मार्ग हेड, कार्बोरेटर व एक्झॉस्ट यांच्याकडे आहेत, आणि तेथे केलेली चूक बहुधा सुधारता येते.

पुढील लेखांकात क्रँकशाफ्टचे ग्राइंडिंग आणि बेअरिंगची निवड यांचा विचार करू.