टोलेडो : एका शहराचे वाचन

पर्यटन आणि अभ्यासदौरा यांत फरक आहे. पर्यटक प्रेक्षणीय स्थळे पाहून परततो. अभ्यासदौऱ्यावर निघालेला विद्यार्थी मात्र घरूनच एक प्रश्न बरोबर घेऊन जातो आणि त्याचे उत्तर प्रत्यक्ष स्थळी शोधतो. अनेक विद्यापीठे आपल्या विद्यार्थ्यांना आठ-पंधरा दिवसांच्या अभ्यासासाठी परदेशी पाठवतात. मुदत थोडी, खर्च मोठा आणि शहर अनोळखी! अशा वेळी काय पाहावे आणि कसे पाहावे, याचा विचार आधीच करावा लागतो. स्पेनमधील टोलेडो या प्राचीन शहराच्या उदाहरणावरून हा विचार स्पष्ट होईल. निरनिराळ्या धर्मांचे आणि भाषांचे लोक एका गावात राहतात तेव्हा काय निर्माण होते, आणि ते सहजीवन मोडते तेव्हा मागे काय उरते, हा टोलेडोला विचारण्याचा प्रश्न आहे.

नदीच्या वेढ्यातील शहर

स्पेनची राजधानी माद्रिद. तिच्या दक्षिणेस सुमारे ७० किलोमीटरवर टोलेडो आहे. वेगवान आगगाडीने तेथे अर्ध्या तासात पोहोचता येते. खडकाळ टेकडीवर वसलेल्या या शहराला टेगस नदीने तीन बाजूंनी वेढले आहे. या नैसर्गिक संरक्षणामुळेच अनेक सत्तांनी ते आपले ठाणे केले. प्रथम रोमन आले. सहाव्या शतकात ते व्हिसिगॉथ राजांची राजधानी झाले. इ. स. ७११ मध्ये स्पेनवर स्वारी झाली आणि टोलेडोत मुस्लिम सत्ता आली. ती १०८५ पर्यंत टिकली. त्या वर्षी कॅस्टिलचा ख्रिस्ती राजा सहावा आल्फोन्सो याने शहर जिंकून घेतले.

राज्य बदलले, पण शहराची भाषा एका दिवसात बदलली नाही. मुस्लिम अमदानीत राहिलेल्या येथील ख्रिस्ती लोकांना ‘मोझाराब’ म्हणत. त्यांच्या नित्य व्यवहारात अरबी भाषा रुळलेली होती. बाराव्या आणि तेराव्या शतकांत, म्हणजे ख्रिस्ती राजवटीतही, त्यांची शेकडो खरेदीखते आणि मृत्युपत्रे अरबीत लिहिली गेली. धर्म एक, भाषा दुसरी आणि राज्य तिसऱ्याचे, अशी ही स्थिती होती. भाषा आणि धर्म यांची जोडी अतूट असते, हा समज येथे पहिल्याच दिवशी गळून पडतो.

नावांतून उलगडणारा इतिहास

टोलेडोत चार दिवस मिळाले, तर पहिला दिवस नावांसाठी ठेवावा. शहरातील मुख्य चौकाचे नाव ‘सोकोदोव्हेर’ असे आहे. ते ‘जनावरांचा बाजार’ या अर्थाच्या अरबी शब्दांवरून आले. जनावरांचा बाजार कधीच उठला, परंतु नाव राहिले. नदीवरील जुन्या पुलाला ‘अल्कांतारा’ म्हणतात. ‘अल-कंतरा’ म्हणजे अरबीत ‘पूल’. म्हणून ‘अल्कांतारा पूल’ म्हणणे म्हणजे ‘पूल पूल’ म्हणणे होय!

हॉटेलात चहाबरोबर साखर मागितली, तर स्पॅनिश माणूस ‘असूकार’ हा शब्द वापरतो. संस्कृतमधील ‘शर्करा’ हा शब्द फारसी व अरबी मार्गाने ‘सुक्कर’ झाला आणि स्पेनमध्ये ‘असूकार’ म्हणून स्थिरावला. आपली ‘साखर’ त्याच कुळातील. बदाम आणि साखर एकत्र वाटून केलेली ‘मार्झिपान’ ही मिठाई टोलेडोची खासियत मानली जाते. ती चाखताना या शब्दाचा प्रवास आठवला, तर जिभेवरची चव आणि मनातील ज्ञान एकत्र येतात.

तीन वास्तू, अनेक थर

दुसऱ्या दिवशी मोठ्या प्रमाणात स्थळे पाहण्याऐवजी तीनच वास्तू सावकाश पाहाव्यात. पहिली ‘क्रिस्तो दे ला लूस’. इ. स. ९९९ मध्ये ती मशीद म्हणून बांधली गेली. तिच्या दर्शनी भिंतीवर विटांच्याच रचनेतून अरबी लेख साकारला आहे. आतील खांबांचे माथे मात्र त्यापूर्वीच्या व्हिसिगॉथ काळातील इमारतींतून आणलेले आहेत. पुढे बाराव्या शतकात मशिदीचे चर्च झाले आणि मागील बाजूस नवा भाग जोडला गेला. एका लहानशा इमारतीत तीन राजवटींच्या खुणा सापडतात.

दुसरी वास्तू ‘सांता मारिया ला ब्लांका’. नाव ख्रिस्ती असले, तरी हे मूळचे ज्यू लोकांचे प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग होय. त्याचे बांधकाम ११८० च्या सुमाराचे मानले जाते. आत पांढऱ्याशुभ्र खांबांच्या रांगा आणि घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कमानी आहेत. ही कमानीची घडण मुस्लिम वास्तुकलेत बहरलेली. ख्रिस्ती राजाच्या राज्यात, मुस्लिम शैलीत, ज्यूंसाठी उभारलेली ही इमारत पाहिली, की ‘ही कला कोणाची?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. पंधराव्या शतकात तिचेही चर्च झाले.

तिसरी वास्तू ‘एल त्रान्सितो’ हे सिनेगॉग. राजा पेद्रो याचा ज्यू खजिनदार सॅम्युएल हालेवी याने ते १३५७ च्या सुमारास बांधविले. त्याच्या भिंतींवर हिब्रू वचने आहेत, अरबी अक्षरे आहेत आणि कॅस्टिलच्या राज्याचे चिन्हही आहे. पुढे त्याच राजाने हालेवीला कैद केले आणि कैदेतच त्याचा अंत झाला. सुंदर भिंतीसमोर उभे असताना ही गोष्टही विसरता कामा नये.

भाषांतरकारांचे शहर

तिसरा दिवस ग्रंथांसाठी. बाराव्या शतकात युरोपातील अभ्यासक अरबी ग्रंथांच्या शोधात टोलेडोला येऊ लागले. ग्रीक विद्येचे अनेक ग्रंथ लॅटिनमध्ये उपलब्ध नव्हते. अरबीत मात्र ते जपले गेले होते आणि अरबी विद्वानांनी त्यांत मोलाची भर घातली होती. इटलीतील क्रेमोना गावचा जेरार्ड टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ हा खगोलशास्त्रावरील ग्रंथ मिळविण्यासाठी येथे आला. तो येथेच राहिला आणि त्याने सत्तरांहून अधिक ग्रंथ लॅटिनमध्ये नेले.

या कार्याला ‘टोलेडोची भाषांतरशाळा’ म्हणतात. वर्ग आणि फळा असलेली ही शाळा नव्हती. भाषांतरे अनेकदा दोघांच्या सहकार्याने होत. इब्न सीना या मुस्लिम तत्त्वज्ञाचा आत्म्याविषयीचा ग्रंथ याच रीतीने भाषांतरित झाला. अव्हेन्दौथ हा ज्यू विद्वान अरबी मजकुराचा अर्थ लोकभाषेत शब्दशः सांगे आणि गुंडिसाल्व्ही हा ख्रिस्ती धर्माधिकारी तो लॅटिनमध्ये लिही. एका पानासाठी तीन धर्मांच्या माणसांची बुद्धी खर्ची पडली.

या अरबी-लॅटिन वाटेवरून भारतीय ज्ञानही पुढे गेले. त्रिकोणमितीतील ‘ज्या’ किंवा ‘जीवा’, म्हणजे धनुष्याची दोरी, ही संस्कृत संज्ञा अरबीत ‘जीबा’ झाली. अरबी लेखनात स्वर बहुधा लिहीत नसल्याने ती ‘जैब’, म्हणजे वस्त्राची घडी, अशी वाचली गेली. लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द योजला आणि त्यातून आजचा ‘साइन’ आला. ‘पंचतंत्र’ही याच दिशेने गेले. सहाव्या शतकात त्याचे पहलवीत आणि आठव्या शतकात अरबीत रूपांतर झाले. करटक आणि दमनक हे दोन कोल्हे तेथे ‘कलीला’ आणि ‘दिम्ना’ बनले. १२५१ च्या सुमारास ही कथा कॅस्टिलच्या भाषेत उतरली. पुढे राजा झालेल्या दहाव्या आल्फोन्सोच्या प्रेरणेने हे काम झाले, असे मानतात.

सहजीवन मोडते तेव्हा

टोलेडोला ‘तीन संस्कृतींचे शहर’ म्हणून गौरविले जाते. हा गौरव खरा आहे, पण अपुरा आहे. येथील सहजीवन समान हक्कांवर उभे नव्हते. ज्याचे राज्य, त्याच्या मर्जीवर इतरांची सुरक्षितता अवलंबून असे. १३९१ मध्ये स्पेनमधील अनेक शहरांत ज्यूंवर हल्ले झाले. त्यांतून टोलेडो सुटले नाही. अनेकांनी जीव वाचविण्यासाठी धर्म बदलला. तरीही १४४९ मध्ये येथील बंडखोर पुढाऱ्यांनी अशा धर्मांतरितांना नगरातील अधिकारपदांवर बंदी घातली. धर्म बदलला तरी जन्म बदलत नाही, असा त्यांचा दावा होता. १४९२ मध्ये धर्मांतर न करणाऱ्या सर्व ज्यूंना देशाबाहेर काढण्यात आले. १५०२ मध्ये कॅस्टिलच्या मुस्लिमांपुढे धर्मांतर किंवा देशत्याग हेच पर्याय ठेवले गेले आणि १६०९ ते १६१४ या काळात त्यांच्या धर्मांतरित वंशजांचीही हकालपट्टी झाली.

सांता मारिया ला ब्लांकाच्या कमानी म्हणूनच मन अस्वस्थ करतात. कमानी जपल्या गेल्या. ज्यांच्यासाठी त्या उभारल्या, ती माणसे मात्र घालविली गेली. इतरांची कला हवी, पण इतर माणसे नकोत, असे समाजाला वाटू लागते तेव्हा काय होते, ते या शांत दालनात उमगते.

परतल्यावर

चौथा दिवस टिपणांचा. पाहिलेले, ऐकलेले आणि वाचलेले वेगवेगळे लिहावे. जे पटले नाही त्याचीही नोंद करावी आणि सोबत्यांशी चर्चा करावी. युनेस्कोने १९८६ मध्ये या जुन्या शहराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. १९९४ मध्ये तेथे ‘टोलेडो भाषांतरकार विद्यालय’ नव्याने सुरू झाले आणि अरबी व हिब्रूच्या अभ्यासाला पुन्हा स्थान मिळाले. तुटलेला धागा पुन्हा जोडण्याचा हा प्रयत्न आहे.

परदेशी जाण्याची संधी प्रत्येकाला मिळतेच असे नाही. शहर वाचण्याची ही रीत मात्र कोणत्याही गावी वापरता येते. आपल्या गावातील पेठेचे नाव कोठून आले? जुन्या वाड्याची, मशिदीची, देवळाची कमान कोणी घडविली? ‘दुकान’, ‘कागद’, ‘बटाटा’ हे शब्द आपल्या बोलण्यात कसे आले? पूर्वी येथे राहणारे कोण आज येथे नाहीत, आणि ते का गेले? हे प्रश्न हाती घेऊन आपल्याच गल्लीतून चालू लागले, तरी अभ्यासदौरा सुरू होतो.