कबंध : पिंपापासून रणांगणापर्यंत

सातारा-सांगलीकडे डोक्याला डोस्कं म्हणतात, टकुरं म्हणतात. कुणी अविचारानं वागलं की ‘डोस्कं हाय का न्हाई?’ हा सवाल ठरलेला. पुस्तकी मराठीतला ‘बिनडोक’ही तोच, त्यातला ‘बिन’ संस्कृत ‘विना’वरून आलेला. डोकं नाही म्हणजे अक्कल नाही, इतकाच अर्थ आपण धरला. पण खरोखर मस्तक नसलेल्या देहासाठी मराठीत जुना, भारदस्त शब्द आहे : कबंध.

मुळात या शब्दाचा डोक्याशी संबंधच नव्हता. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातल्या वरुणसूक्तात कबंध म्हणजे पिंपासारखं मोठं पात्र. वरुण ते उपडं करतो आणि जमीन भिजते. म्हणजे हे पात्र पाण्यानं भरलेला ढगच. पिंपाचं नाव धडाला का चिकटलं असावं, ते रामायणातल्या कबंध राक्षसाकडे पाहिलं की पटतं. इंद्राच्या वज्राघातानं त्याचं डोकं धडात दडपलं गेलेलं. तोंड पोटात, छातीवर एकच डोळा, हात योजनभर लांब. राम-लक्ष्मणांनी त्याचे हात तोडले, त्याच्या देहाला अग्नी दिला आणि मग त्यानंच सुग्रीवाकडे जायला सांगितलं. सीतेच्या शोधाची वाट दाखवली ती या बिनडोक कबंधानं! वाल्मीकींच्या या योजनेचं मला फार मोल वाटतं.

महाभारतातल्या युद्धवर्णनांत तर रणभूमीवर कबंधं उठून उभी राहतात. तीच कल्पना आपल्याकडे मुरारबाजी देशपांड्यांच्या कथेत उतरली. जावळीच्या मोऱ्यांकडचा हा वीर 1656 मध्ये जावळी पडल्यावर शिवरायांकडे आला आणि 1665 मध्ये पुरंदरावर दिलेरखानाशी लढताना कामी आला. सभासदाच्या बखरीत तो खानाच्या तिरानं पडतो. लोक मात्र सांगतात, शिर उडालं तरी धड लढतच राहिलं. याला भाकडकथा म्हणून झटकू नये. एखाद्याच्या पराक्रमाची उंची सांगायला लोकांपाशी हीच पिढीजात भाषा होती.

रणात पडलेल्या वीरांची आठवण दगडातही कोरली गेली. वाई तालुक्यातल्या किकलीत भैरवनाथाच्या देवळापाशी असे स्मृतिदगड, म्हणजे वीरगळ, मोठ्या संख्येनं आहेत. वीरगळ तळापासून वर वाचायचा. खाली झुंज आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, माथ्याला चंद्र-सूर्य. रणात देहाचं काहीही झालेलं असो, वरच्या चौकटीत पाथरवटानं त्याला धडधाकट बसवलेला असतो. ‘गळ’ हा कानडी ‘कल्लु’, म्हणजे दगड. सांगलीकडेही असे दगड गावोगाव दिसतात, काही शेंदरानं माखलेले, काही बांधावर आडवे पडलेले. बहुतेकांवर नाव कोरलेलंच नसल्यानं गावाला ते कुणाचे हे ठाऊक नसतं, तरी देवळाच्या भिंतीशी उभे करायला चार गडी आणि एक पहार पुरते.