उंदराची झोप बारा मिनिटांची

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, १० एप्रिल २०२५ रोजी प्राण्यांवरच्या चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आराखडा जाहीर केला, आणि प्रयोगशाळेतल्या सगळ्या उंदरांची एका रात्रीत सुटका झाल्यासारखी चर्चा सुरू झाली. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत अशीच वाट मोकळी झाली होती; तिचा फारसा बोभाटा झाला नाही, एवढंच.

‘उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे’ हा त्यामागचा युक्तिवाद. तो बरोबर आहे, पण नवा नाही. ज्युलियस ॲक्सेलरॉड नावाच्या गृहस्थाला तो फार आधी कळला होता. वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारलेला, अमोनियाची बाटली फुटून डावा डोळा गमावलेला, चाळिशी उलटल्यावर डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस. त्याचं १९७० चं नोबेल मज्जातंतूंवरच्या कामाचं. पण औषधाचं शरीरात पुढे काय होतं, याचा छडा लावण्यात त्याने आधीच उमेदीची वर्षं घालवली होती.

१९५८ साली क्विन, ॲक्सेलरॉड आणि ब्रॉडी यांनी हेक्सोबार्बिटल हे झोपेचं औषध निरनिराळ्या प्राण्यांना दिलं आणि कोण किती वेळ झोपतो ते पाहिलं. मराठीत दोघेही उंदीरच, पण प्रयोगशाळेत लहानगा तो माऊस आणि थोराड तो रॅट. वजनाच्या हिशेबाने मात्रा सारखीच दिली, तरी माऊस बारा मिनिटांत उठला, सशाला ४९ मिनिटं लागली, रॅट दीड तास पडून राहिला. कुत्र्याला मात्रा निम्मी होती, तरी तो सव्वापाच तास घोरला. रॅटमध्येही माद्या नरांपेक्षा कितीतरी जास्त वेळ झोपल्या.

औषध तेच होतं, फरक होता यकृतात. माऊसचं यकृत शरीराच्या मानाने माणसाच्या दुपटीहून मोठं, आणि त्यातली विकरं औषध झपाट्याने मोडतात. गोळी दिवसातून एकदा घ्यायची की तीनदा, हे बऱ्याच अंशी याच मोडतोडीच्या वेगावर ठरतं. उंदराचा वेग जसाच्या तसा माणसाला लावला, तर हिशेब चुकणारच.

मग उंदरांऐवजी चिपवर वाढवलेल्या मानवी पेशी आणि संगणक पुरेत की! इथे मी जरा अडतो. एफडीएने सुरुवात केली आहे ती मोनोक्लोनल अँटिबॉडीपासून. ही प्रथिनं. गोळीसारखी ती यकृताच्या विकरांच्या तावडीत सापडत नाहीत आणि पुष्कळदा फक्त माणसाच्याच रेणूला नेमकी चिकटतात. तिथे उंदराला विचारून फारसं हाती लागत नाही. गोळीची गोष्ट वेगळी: ती आतड्यातून यकृतात, तिथून रक्तात आणि मग कुठे कुठे जाईल, याचा नेम नाही.

स्वीडनच्या स्वेन उलबर्ग यांनी १९५४ मध्ये हा प्रवास डोळ्यांना दाखवला. किरणोत्सारी खूण केलेलं औषध द्यायचं, प्राणी सबंध गोठवायचा, नाकापासून शेपटीपर्यंत पातळ काप काढायचे आणि फोटोच्या फिल्मवर ठेवायचे. जिथे औषध, तिथे काळा डाग. मलेरियावरचं क्लोरोक्विन असं तपासलं, तर काळ्या उंदराच्या डोळ्यात ते ठाण मांडून बसलेलं दिसतं. पांढऱ्याच्या डोळ्यात रंगद्रव्यच नसल्याने ते टिकत नाही. हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांची दृष्टी तपासत राहावं लागतं, हे लक्षात घेतलं की त्या डागाचं मोल कळतं.

यकृताच्या चिपवर डोळा नसतो. तिला विचारलं तेवढंच ती सांगते. न विचारलेलं सांगायला सबंध देह लागतो. म्हणून अँटिबॉडीसाठी उंदराला खुशाल निरोप द्या. गोळ्यांच्या बाबतीत मात्र निरोपाची घाई नको. आधी कुठला उंदीर, नर की मादी, काळा की पांढरा, हे तरी नीट विचारून निवडू या.