ओढ्याची पारख : ‘स्मॉलमाउथ बास’ माशाच्या निमित्तानें

महसुली दप्तरांत ओढ्याला फारशी किंमत नसते. गटांतून ओढा वाहत असला, तर त्याखालचें क्षेत्र ‘पोटखराब’ म्हणून वेगळें काढावयाचें, त्यावर आकार बसवावयाचा नाहीं, आणि पुढच्या गटाकडे वळावयाचें. अशा नोंदी आम्हीं उभ्या नोकरींत किती लिहिल्या याची गणती नाहीं. पण ओढ्यांत उतरून एकादा दगड उलटून पाहण्याची बुद्धि आम्हांस एकदांही झाली नाहीं. नोकरी संपल्यावर, अमेरिकेंतील गळ टाकून मासे धरणारे हौशी लोक आपला ओढा कसा निवडतात, हें वाचतांना आमच्या ध्यानांत आलें कीं, ज्यास आम्ही खराबा समजत होतों, त्याच्याच तळाशीं भोंवतालच्या सर्व शेतीचा जमाखर्च मांडलेला असतो. तो वाचावयाचा कसा, हें आमच्या शेतकरी बंधूंस सांगावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

हे लोक ज्या माशाच्या मागें असतात, त्याचें नांव ‘स्मॉलमाउथ बास’, म्हणजे लहान तोंडाचा बास. याचा एक भाऊबंद मोठ्या तोंडाचा आहे. त्याचा वरचा जबडा डोळ्याच्या मागें जातो, याचा जात नाहीं. एवढ्या खुणेवरून दोघे ओळखतां येतात. अंग पितळी-हिरवट, त्यावर काळसर उभे पट्टे, आणि गळास लागल्यावर पाण्याबाहेर उसळ्या मारून झुंजण्याचा स्वभाव, यामुळें त्याची कीर्ति मोठी आहे. मूळचा हा उत्तर अमेरिकेंतील पंचमहासरोवरें आणि मिसिसिपी नदीचें वरचें व मधलें खोरें येथील रहिवासी. इ. स. १८५४ सालीं आगगाडीच्या इंजिनामागील पाण्याच्या टाकींत घालून कांहीं मासे ओहायो नदीच्या खोऱ्यांतून पूर्वेकडील पोटोमॅक नदींत नेऊन सोडले, आणि तेथेंही त्यांचा वंश वाढला.

या माशास कसलें पाणी लागतें, तें आधीं पाहूं. ट्राउट माशासारखें अगदीं गार पाणी तो मागत नाहीं. मोठ्या तोंडाच्या बासाप्रमाणें कोमट, संथ, पाणवनस्पतींनीं भरलेल्या तळ्यांतही तो तितकासा रमत नाहीं. अभ्यासकांनीं त्याच्या आवडीच्या प्रवाहाचीं मापें दिलीं आहेत, तीं अशीं : रुंदी सुमारे ३५ फुटांहून अधिक, डोहांची खोली ४ फुटांहून अधिक, उतार मैलास सुमारे ४ ते २५ फूट, तळाशीं गोटे व खडी, आणि काठावर भरपूर सावली. वसंत ऋतूंत पाणी ६० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १५ अंश सेल्सिअसच्या, आसपास तापलें कीं, नर मासा शेपटीनें तळाची खडी झाडून वाटीसारखें घरटें करितो. मादी अंडीं घालून निघून जाते. अंड्यांची आणि पुढें पिल्लें पांगेपर्यंत त्यांची राखण एकटा नर करितो. या दिवसांत गढूळ लोंढा आला, तर घरटें वाहून जातें किंवा अंडीं गाळाखालीं गुदमरतात. राखण करणारा नर गळास लागला, तर लहान मासे अंड्यांचा फडशा पाडतात. म्हणून समजूतदार माणूस विणीच्या दिवसांत घरट्यांवर गळ टाकीत नाहीं.

आतां ओढ्याची निवड. पहिलें काम नकाशाचें. समपातळीच्या रेषा पाहून मैलास किती फूट उतार पडतो, तें काढावें. उतार फार कमी असला तर पाणी साचून तळ चिखलाचा होतो. फार असला तर डोह टिकत नाहींत. नकाशावर जिवंत झरे दाखविले असतील तर तो शुभशकुन समजावा. कारण झऱ्याच्या आधारानें प्रवाह उन्हाळ्यांतही आटत नाहीं व फार तापतही नाहीं.

दुसरें काम पायांचें. काठानें निदान मैलभर चालून जावें. उथळ खळाळ, त्याखालीं डोह, पुन्हां खळाळ, पुन्हां डोह, असा क्रम दिसला पाहिजे. खळाळांत अन्न निपजतें आणि पाण्यांत हवा मिसळते. डोहांत मासा विसावतो, आणि थंडी पडली म्हणजे खोल डोहांतच हिंवाळा काढतो. खळाळ आहेत पण डोह नाहींत, असा ओढा घटकाभर करमणुकीपुरता बरा; तेथें मोठे मासे मुक्काम करीत नाहींत.

तिसरें काम हातांचें, आणि खरी परीक्षा हीच. खळाळांतील एक दगड उचलावा. दगड इतर दगडांवर सुटा बसलेला असून त्याखालीं पोकळी असली, तर तींत ‘क्रेफिश’ नांवाचा नांग्यांचा जीव दडलेला सांपडेल. हा आपल्या खेकड्या-झिंग्यांचाच सोयरा असून बास माशाचें तें मुख्य अन्न होय. परंतु दगड अर्धा गाळांत रुतलेला असून ओढून काढावा लागला, तर तेथें ना क्रेफिश, ना घरट्यास जागा. माहितगार माणूस अशा ठिकाणीं गळ न सोडतां घरची वाट धरतो.

हा गाळ येतो कोठून? म्हणून शेवटचें काम डोळ्यांचें : ओढा सोडून वरची शेतें पाहणें. काठावर झाडांचा व गवताचा पट्टा राखला आहे काय? नांगराचे तास उताराला आडवे आहेत कीं उतारानें खालीं धांवतात? गुरें कोठेंही पाण्यांत उतरून दरड ढांसळवितात काय? मोठ्या पावसानंतर पाणी लौकर निवळतें, कीं कित्येक दिवस तांबडेंच राहतें? या प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे पाण्यांत मासा आहे कीं नाहीं, याचा बराचसा निवाडा कांठावरच होतो.

याचीं उदाहरणें त्याच देशांत आहेत. मिसूरी व आर्कान्सॉ या राज्यांत पसरलेला ओझार्क डोंगर या माशासाठीं प्रसिद्ध आहे. तेथील करंट व जॅक्स फोर्क या झऱ्यांच्या नद्यांस १९६४ सालीं कायद्यानें संरक्षण मिळालें. पण त्या मुलखांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतर जी जंगलतोड व बेसुमार चराई झाली, तिच्यामुळें सुटलेली खडी ओढ्यांतून सरकत जाऊन तिनें ठिकठिकाणीं डोह भरून टाकले. त्याच डोंगरांतील बफेलो नदीस १९७२ सालीं राष्ट्रीय नदीचा मान मिळाला. २०१२ सालीं तिच्या एका उपनदीजवळ सुमारे साडेसहा हजार डुकरांच्या गोठ्यास परवानगी देण्यांत आली. तेथील जमिनीखालीं भेगाळलेला चुनखडीचा दगड आहे. वर टाकलेलें मलमूत्र त्यांतून नदींत उतरेल, या भयानें मोठा वाद माजला. अखेर २०१९ सालीं राज्य सरकारनें मालकांस मोबदला देण्याचा करार करून तो गोठा बंद करविला. परवानगी देतांना जागा नीट पाहिली असती, तर मालकांची गैरसोय व सरकारचा खर्च दोन्ही टळलीं असतीं, असें आम्हांस वाटतें.

दुसरें उदाहरण सुधारणेचें आहे. विस्कॉन्सिन राज्यांतील कून क्रीक हा ओढा, उतारानें नांगरट व डोंगरउतारावर गुरांची चराई यांमुळें घळी पडून खराब झाला होता. तेथें १९३३ सालीं, ह्यू हॅमंड बेनेट यांच्या हाताखालील सरकारी खात्यानें संबंध पाणलोटाचें काम एकत्र हातीं घेतलें. चारशेंहून अधिक शेतकऱ्यांनीं करार करून आडवे पट्टे पाडून पिकें घेतलीं व खडे चढ गुरांपासून राखले. सरकारनें मजूर व सामान पुरविलें. पुढील काळांत ओढ्यांत येणारी माती पुष्कळच कमी झाली. कून क्रीक आज ट्राउटचा ओढा म्हणून नांवाजलेला आहे. मासा वेगळा, पण जमिनीकडून मागणें तेंच.

ओढ्याच्या मालकीचा प्रश्नही तेथें येतोच. कांहीं राज्यांत प्रवाहाचा तळ काठच्या जमीनदाराचा असतो, म्हणून आधीं परवानगी विचारणें हा शिष्टाचार आहे. मेरामेक नदीसंबंधानें मिसूरीच्या सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं असा निर्णय दिला कीं, तळ खासगी असला तरी नाव वल्हवीत, पाण्यांतून चालत वा मासे धरीत जाण्याचा लोकांस हक्क आहे. आपल्याकडे १९६६ सालच्या जमीन महसूल संहितेनें, खासगी मालकीचे नसलेले नदीनाल्यांचे तळ सरकारचे ठरविले आहेत. परंतु तळ कोणाचाही असो, त्यावर बसणारी माती काठच्या शेतांतलीच असते.

हें वाचून कोणास हा मासा आपल्या ओढ्यांत सोडण्याची हौस वाटल्यास ती आंवरावी. दक्षिण आफ्रिकेंत हा बाहेरून आणून सोडला, त्यानें देशी मासे खाऊन टाकले. शेवटीं रॉनडेगाट नदीच्या एका भागांतून २०१२ व २०१३ सालीं औषध घालून त्याचा नायनाट करावा लागला. मासा आणावयाचा नाहीं. पारख तेवढी आणावयाची.

ती पारख करण्यास गळही लागत नाहीं. येत्या पावसाळ्यांत पहिला जोराचा पाऊस पडला म्हणजे कांचेच्या दोन सारख्या बरण्या घेऊन जावें. ओढा आपल्या रानांत शिरतो तेथलें पाणी एकींत भरावें, रानाबाहेर पडतो तेथलें दुसरींत. आणि दोन्ही रात्रभर हलवूं नयेत. सकाळीं दुसऱ्या बरणीच्या तळाशीं पहिलीपेक्षां जी माती अधिक बसलेली दिसेल, ती बहुतांशीं आपल्याच रानांतली. तिचा पंचनामा करण्यास तलाठ्याला बोलावण्याची गरज नाहीं.